दयारामची उजवी बाजू

खारेपाटात लग्न ठरलं की आधी मुहूर्त बघतात आणि मग दयारामला फोन करतात. काही घरांत तर उलटंच. आपल्याकडे लग्न एक वेळ साधं झालं तरी चालतं, पण हळद वाजली पाहिजे. आणि ती दयारामनंच, त्याच्या साउंडवर, वाजवायची, असं चौलपासून थळपर्यंत वर्षानुवर्षं चालत आलेलं.

माणूस ठेंगणा, पोट सुटलेला, शर्टाच्या खिशात कायम टेस्टर. रागीटही, पण त्याचा राग माणसांपेक्षा वायरींपायी जास्त. कुणी केबल गुंडाळताना पिळली तर भर मांडवात त्याची शोभा करायचा, आणि पंगतीत त्यालाच शेजारी बसवून वाढप्याला सांगायचा, "याला मटनाची नली वाढ." त्याचा सगळा तोरा कानावर होता. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून तो सांगायचा की खालच्या डब्यातला स्पीकर फाटलाय, आणि डबा उघडला की तो फाटलेलाच निघायचा. "डोले गेले तरी चालतील," तो म्हणायचा, "कान हायेत तवर मी उपाशी मरनार न्हाय."

त्याची उभं राहायची जागाही ठरलेली. मिक्सरचं टेबल मांडवाच्या तोंडाशी, डब्यांच्या थप्पीला लागून, असं की डावीकडे नवरीचं अंगण दिसावं आणि उजवं कोपर डब्याला टेकावं. हळद लावणाऱ्या बाया कधी उठतात, पोरं कधी नाचायला उतरतात, हे तिथूनच कळतं. धंदा मुलाच्या, निकेतच्या हाती दिला तेव्हा त्यानं ही जागासुद्धा दिली. "जागा सोडलीस की आवाज सुटला," एवढंच शिकवलं. निकेत गुणी मुलगा. चांगल्या मोसमात आठवड्याला चार-पाच हळदी वाजवतो, आणि जागा सोडत नाही.

आता या माणसानं साठीजवळ आल्यावर घरी बसून गाणी ऐकायचा प्रीअँप आणला, तर गाव हसणारच. त्याचं असं झालं. मांडव्याला एका शेठचा बंगला होता, तिथलं वायरिंगचं काम दयाराम बघायचा. शेठ परदेशी मुलाकडे कायमचा निघाला आणि गाण्याची खोली मोडली. त्या खोलीतल्या यंत्रावर एकदा दयारामनं कुणा बाईचं गाणं ऐकलं होतं. सूर लावायच्या आधी तिनं घेतलेला श्वास त्याला ऐकू आला आणि त्याच्या अंगावर काटा आला. जन्मभर त्यानं आवाज मोठा केला होता; आवाज इतका जवळ येतो हे त्याला ठाऊक नव्हतं. शेठनं सामान काढलं तेव्हा प्रीअँप, पॉवर अँप, दोन स्पीकर, हेडफोन आणि कॅसेट डेक असं सगळं त्यानं टेम्पोत घालून आणलं.

"बाबा, किती दाबून वाजतो ह्यो?" निकेतनं विचारलं.

"यातून आवाज येतच न्हाय. पॉवर अँप म्हनजे बैल. ह्यो त्याचा कासरा धरनारा."

निकेतनं आईकडे बघितलं. आईनं, म्हणजे सुचितानं, कपाळाला हात लावला.

खरं कारण वेगळं होतं, ते दयारामनं एकट्या सुचिताला सांगितलं होतं. त्याची आई सखुबाई धवलारीण होती. आपल्याकडे लग्नाचे विधी धवलारणीच्या गाण्यानं पुढे सरकतात. तिनं धवला म्हटल्याशिवाय हळद चढत नाही की मुंडावळ्या बांधल्या जात नाहीत. सखुबाई एक ओळ टाकायची आणि बाकीच्या बाया ती उचलायच्या. तिच्या धवल्यात देवांबरोबर घरातल्या मेलेल्या माणसांनाही नाव घेऊन लग्नाचं आवतण असायचं. स्वतःच्या हळदीच्या वेळी दयाराम साउंडच्या दुकानात नोकर होता. मालकाचा दोन माइकचा टेपरेकॉर्डर मागून आणून नवरदेव हळदीच्या अंगानं माइक लावत मांडवात रांगत होता, आणि बाया हसत होत्या. डावा माइक बायांसमोर, उजवा आईसमोर. ती एक कॅसेट. सखुबाई जाऊन काही वर्षं झाली, पण तिच्यामागे ती कॅसेट लावायचा त्याचा धीर झाला नव्हता. आता लावायची तर चांगल्या यंत्रावर लावायची, असं त्यानं मनाशी घेतलं होतं.

तर त्या दुपारी त्यानं ओटीवरच्या खोलीतला टीव्ही हलवला. सुतळी घेऊन मोजलं. खुर्चीपासून दोन्ही स्पीकर सारख्या अंतरावर, दोघांची तोंडं किंचित खुर्चीकडे वळलेली. आवाजाचा नॉब शून्यावर ठेवून आधी प्रीअँप चालू केला, मग पॉवर अँप. बंद करताना याच्या उलट. नाहीतर स्पीकरला धक्का बसतो. जाळीआड काचेचे व्हॉल्व्ह हळूहळू लाल झाले. ते तापेपर्यंत तो हात बांधून बसून राहिला.

"देवाफुडं येवरा येल कदी बसला न्हाय," सुचिता स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. त्यानं लक्ष दिलं नाही. ती उजवीकडे उभी होती.

आधी मोबाइल जोडून एक साधं गाणं लावलं. छान वाजलं, पण सगळं डाव्या अंगाला. जणू गाणारा, पेटी, तबला सगळे डाव्या स्पीकरच्या मागे जाऊन उभे राहिलेत. दयारामनं बॅलन्सचा नॉब थोडा उजवीकडे फिरवला. काही नाही. आणखी फिरवला. गाणं तिकडचं हलेना.

आता हा त्याचा प्रांत. असल्या वेळी साधा नियम असतो: जोडण्या अदलाबदल करायच्या. जिची चूक, तिच्याबरोबर दोष हलतो. त्यानं डावी केबल उजवीकडे लावली, उजवी डावीकडे. आवाज डावीकडेच. स्पीकर उचलून जागा बदलल्या. घामानं निथळला, कमरेत कळ आली. आवाज डावीकडेच. मग त्यानं प्रीअँपमागच्या सगळ्या जोडण्या उलट्या केल्या आणि श्वास रोखून बसला. आता तरी दोष उजवीकडे जायलाच हवा होता, यंत्राचा बापसुद्धा ते थांबवू शकला नसता. तो गेला नाही.

दयाराम चिडला. सगळ्या जोडण्या पुन्हा जागच्या जागी लावून बॅलन्सचा नॉब मध्यावर आणता आणता त्यानं शेठच्या नावानं चार शब्द काढले. "खराब माल गल्यात मारला मना. उजवी बाजू मेलीय याची."

"मना तं दोनी बाजूंनी येतंय," सुचिता म्हणाली.

"तुला काय कलतंय त्यातलं?"

"नाचता येईना अंगन वाकरं," असं म्हणून ती कोळंबी सोलायला आत गेली.

शेवटी त्यानं हेडफोन काढला. खोली, भिंती, स्पीकर सगळे मधून काढून टाकले की यंत्र खरं बोलतं. आणि मनात काय आलं कोण जाणे, डेकमध्ये आईची कॅसेट घातली. कुठला आवाज कुठल्या बाजूला आहे हे त्याला त्या कॅसेटीइतकं दुसऱ्या कशातच पक्कं ठाऊक नव्हतं. डेकला आवाजाची पातळी दाखवणाऱ्या दोन सुया होत्या, एक डाव्या बाजूची, एक उजव्या बाजूची.

खरखर झाली. कुणीतरी खोकलं. मग बायांनी ओळ उचलली, सगळ्या एकदम, त्यात त्याच्या मावशीचा घोगरा आवाजही ओळखू आला. मग शांतता. मग पुन्हा बायांनी उचलली. मध्ये कुणी ओळ टाकतच नव्हतं. बाया कुणाला उत्तर देत होत्या कोण जाणे.

कॅसेट पुसली गेली, आईची बाजू पुसली गेली, असं त्याला वाटलं. मग त्याची नजर डेककडे गेली. बाया गप्प होत्या त्या वेळी उजवी सुई नाचत होती. वर जाऊन थरथरून खाली येत होती, आणि ती खाली बसली की बाया सुरू होत होत्या.

आवाज आहे. कॅसेटीवर आहे, यंत्रात आहे. म्हणजे हेडफोनची उजवी बाजू मेलेली.

"सुचिता, हिकरं ये. हात पूस आन ह्यो घाल."

तिनं हेडफोन घातला. मग तिचे ओठ हलायला लागले. ती ओळी म्हणत होती, बायांच्या नव्हे, सखुबाईच्या. डोळ्यांतून पाणी आलं तरी तिनं ते पुसलं नाही.

"आये गाते," ती म्हणाली. "मामांना, तुमच्या बाबांना, आवतान देते. त्यांचा नाव घेतला."

"कंच्या कानात?"

तिनं उजव्या कानावर बोट ठेवलं.

दयारामनं हेडफोन तिच्या डोक्यावरून ओढून घेतला. केबल, स्पीकर, प्रीअँप, सगळं त्यानं उलटसुलट केलं होतं. एकच गोष्ट उलटी करायची राहिली होती. त्यानं हेडफोन फिरवून घातला, उजवा डाव्या कानावर.

आई आली. त्याच्या कानाशी बसून गावी इतकी जवळ. ओळ टाकायच्या आधी तिनं घेतलेला श्वाससुद्धा आला. आणि बाया नाहीशा झाल्या. मावशी गेली, खोकणारी गेली, अख्खा मांडव रिकामा झाला आणि त्यात आई एकटीच गात राहिली.

त्यानं हेडफोन काढून मांडीवर ठेवला. ज्या कानाच्या जिवावर तो जगला, चोर सोडून संन्याशाला फाशी द्यावी तसं ज्या कानापायी त्यानं एका भल्या यंत्राला आणि शेठला शिव्या घातल्या, तो कान मेला होता. कधी, हे त्याला सांगता येईना. एकदा रेवदंड्याला माइकनं भयंकर शिट्टी मारली होती आणि नंतर बरेच दिवस त्या कानात रातकिडे वाजत होते. पण मग ते थांबले, आणि त्याला वाटलं बरं झालं. कुणाच्या ध्यानात कसं यावं? आमच्या गावात हळू बोलणं म्हणजे काहीतरी लपवणं. सगळेच मांडवभर ऐकू जाईल असं बोलतात. फोन तो डाव्या कानालाच लावायचा, कारण उजव्या हातात पाना असायचा. फाटलेला स्पीकर एका कानालाही कळतो.

सुचिता त्याच्यासमोर जमिनीवर बसली. तिला कळलं होतं. आणि जन्मात पहिल्यांदाच ती हळू बोलली.

"मी रातची तुमच्या उजव्या अंगाला निजते," ती म्हणाली. "किती वर्सं बोलते तुमच्याशी. तुमी काय बोलत न्हाय. मना वाटायचं, आयकून सोरून देता."

"काय बोलायचीस?"

"आता काय आटवतंय," ती म्हणाली आणि पदरानं तोंड पुसून उठली.

एवढ्या वर्षांच्या गोष्टी. दयारामला त्या क्षणी आईच्या कॅसेटीपेक्षा त्या जास्त हव्याशा वाटल्या, आणि त्या कुठंही भरून ठेवलेल्या नव्हत्या.

प्रीअँपवर एक बटण होतं, मोनोचं. दोन्ही बाजू एकत्र करून दोन्हीकडे तेच सोडतं. शेठनं सांगितलं होतं, याचा तुला काही उपयोग नाही. दयारामनं हेडफोन पुन्हा चढवला आणि ते दाबलं. डाव्या कानात आई आली, तिच्यामागून बाया आल्या, मावशी आली. सगळी गर्दी एकाच कानात, पण सगळे आले. तो रडला, अगदी उघड, आणि सुचितानं त्याला रडू दिलं. आईनं ओळ टाकली, बायांनी उचलली. माइकजवळ रांगणारा हळदीच्या अंगाचा नवरदेव, त्याला दोन्हीकडून ऐकू येत होतं.

बाहेर टेम्पोचा फाळका पडला. संध्याकाळची हळद होती, निकेत डबे चढवत होता.

दयारामचा हात बटणावरच थांबला. टेबल मांडवाच्या तोंडाशी. डावीकडे नवरीचं अंगण. उजवं कोपर डब्याला, उजवा कान डब्यापाशी. जागा सोडलीस की आवाज सुटला.

"निकेत," त्यानं हाक मारली. मग आणखी मोठ्यानं मारली.

निकेत घाम पुसत आत आला. "काय रं बाबा? उशीर होतंय."

"बस. आजीचा आवाज आयक."

निकेत हसला, खुर्चीत बसला. दयारामनं आपल्या हातानं त्याच्या डोक्यावर हेडफोन सरळ बसवला, उजवा उजव्यावर. मोनोचं बटण सोडलं. बॅलन्सचा नॉब पार उजवीकडे फिरवला, म्हणजे बाया गेल्या आणि एकटी सखुबाई राहिली, एकट्या उजव्या कानात. मग आवाज वाढवत नेला. डेकची उजवी सुई नाचत होती. हेडफोनच्या कडेतून आवाज बाहेर गळायला लागला, इतका की स्वयंपाकघराच्या दारात उभ्या सुचितानं मान वर केली आणि आयेच्या ओळीबरोबर तिचे ओठ हलले.

निकेत वाट बघत होता. बापाच्या तोंडाकडे बघून तो थोडा गोंधळला, आणि त्याचं मन राखावं म्हणून लांबून कुणी बोलतंय का ते ऐकल्यासारखी त्यानं मान कलती केली.

"बारीक येतंय, बाबा," तो म्हणाला. "आवाज वाढव ना."