शेवटच्या खोलीची तक्रार

मन्मथअप्पा कोणाच्याही दारात आले की नमस्काराच्या आधी म्हणत, "पाणी नको." आपल्याकडे आल्यागेल्यापुढे आधी पाण्याचा तांब्या ठेवतात, मग कोण, कुठले, ते विचारतात. अप्पा ती वेळच येऊ देत नसत. चपला उंबऱ्याबाहेर, छत्री भिंतीला टेकवलेली आणि हाताचा पंजा आडवा. "पाणी नको. तक्रार सांगा."

ते नगरपालिकेत होते. कर्मचाऱ्यांच्या वसाहतीतल्या तक्रारी बघायचं काम त्यांच्याकडे. गावाचं नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. उस्मानाबादपासून वेगळा होऊन लातूर नवा जिल्हा झाला, त्या सुमाराचं हे तालुक्याचं गाव. नवे साहेब आले, नव्या पाट्या आल्या, नव्या जीपगाड्या आल्या. पाऊस तेवढा आला नाही. मी कंधारची, नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते. नवरा नोकरीला हिमायतनगरला, महिन्यातून एकदा यायचा. मी आणि सासूबाई वसाहतीच्या शेवटच्या खोलीत राहत होतो, आणि रांगेतल्या शेवटच्या नळापर्यंत पाणी काही पोचत नव्हतं. मी अर्ज दिला. दुसऱ्या दिवशी अप्पा दारात.

"पाणी नको," ते म्हणाले. सासूबाई तांब्या घेऊन चौकटीतच थांबल्या. ते पाणी त्यांनी लांबच्या आडावरून डोक्यावर आणलेलं होतं. अप्पांच्या कपाळावर भस्माचे तीन पट्टे होते, गळ्यात लिंगायतांचं लिंग होतं. ते गेल्यावर सासूबाई एवढंच बोलल्या, "आपलं न्हाई चालत त्यायला."

आम्ही बौद्ध. असे नकार मी लहानपणापासून ओळखत आले आहे. कोणाचा उपास असतो, कोणाचं पोट बिघडलेलं असतं, कोणी नेमका आत्ताच पिऊन आलेला असतो. मी शिकले, नोकरीला लागले, तरी ती कारणं काही संपली नाहीत.

काम मात्र अप्पांचं चोख. "बघितल्याबिगर मी लिहीत नसतो, बाई," असं म्हणून ते पाणी सुटायच्या वेळी तीन दिवस आमच्या नळाखाली हात धरून बसले. नळ नुसता हवा फुंकत होता. चौथ्या दिवशी ते फिटरला घेऊन आले. अंगणात कंबरभर खड्डा खणला, कडेनं विटा लावल्या आणि नळ खाली उतरवला. "पानी वर येत नसंल तर आपण खाली जायचं. त्यात काय कमीपणा हाय?" नळाला करंगळीएवढी धार लागली. सासूबाई खड्ड्यात उतरल्या आणि घागर भरेपर्यंत हसत राहिल्या.

मग अप्पांनी कागद पुढे केला. तक्रार निकाली निघाल्याची सही लागत असे. मी तांब्या पुढे केला.

"आधी पाणी प्या, अप्पा. मग सही."

"सही करा, मग पितो. तक्रार उघडी असलेल्या घरचं मी काही घेत नसतो."

"हे कधीपासून?"

"नोकरीला लागल्यापासून. एका घरी चहा पिलो की त्याचं काम आधी करावं वाटतंय, बाई. मानसाचा जीव हाय. मग दुसऱ्याचं राहून जातंय."

उपास, पोट आणि आता तक्रार. मला ते तयार करून आणलेलं उत्तर वाटलं. सही करून बघायला काय हरकत होती, असं आज कोणीही विचारील. पण दर वेळी आधी आपणच वाकायचं, हे त्या दिवशी मला नको होतं. अप्पांनी तांब्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ सुकलेले मला दिसत होते. कागदाची घडी करून ते उन्हात निघून गेले.

पुढे दर महिन्याला ते यायचे. "पानी येतंय का?" "येतंय." "सही?" "पाणी?" आणि मान हलवून परत जायचे. वसाहतीत आमची चेष्टा होऊ लागली. मला त्यात मजाही वाटायची, खोटं कशाला बोलू? समोरच्या ओळीत अप्पांची खोली होती. बायको वारलेली, मुलगी भालकीला दिलेली. संध्याकाळी ते बाहेर बाजेवर पेपर घेऊन बसत. जाणारायेणारा थांबायचा, छप्पर नाही तर गटार सांगायचा आणि पुढे जायचा. त्यांच्या खोलीत कोणी पाहुणा गेलेला मी कधी पाहिला नाही.

ते निवृत्त झाले, तेव्हा आमच्या शाळेत निरोपाचा कार्यक्रम झाला. साहेब भाषणात म्हणाले, "अप्पांच्या वहीत एकच तक्रार उघडी राहिली, तीही पाणी येत असलेल्या नळाची." सगळे हसले. मीही हसले, जिंकल्यासारखी. अप्पा खाली बघत होते.

घरी परत येताना शेजारच्या शारदाबाई सोबत होत्या. त्या म्हणाल्या, "लई ताठ्याचं मानूस. आमच्याच जातीचं, माझ्या माहेरच्या नात्यातलं. पण सात वर्सांत माझ्या घरी घोटभर पानी पिलं न्हाई. आमची एक तक्रार मिटायच्या आत दुसरी असायचीच की. मागं ते तापानं पडले होते, म्हणून मी पेज घेऊन गेले. तर म्हणले, आधी तुमचं छप्पर होऊ द्या."

मी रस्त्यातच उभी राहिले. दुसऱ्या सकाळी समोरच्या खोलीला कुलूप होतं.

रविवारी मी अप्पांच्या गावची, उदगीरची एसटी धरली. जुन्या घरात एका खोलीत अप्पा एकटेच होते. मला पाहून धडपडत उठले. "बाई? नळ बंद पडला का?"

कार्यालयातून मागून घेतलेला तो कागद मी सही करून आणला होता, तो पुढे धरला. त्यांनी हात मागे घेतला. "आता मला त्याला हात लावता येत न्हाई. हापिसात द्या." मग त्यांचं लक्ष माझ्या पिशवीकडे गेलं. प्रवासात सासूबाईंचा फिरकीचा तांब्या मी बरोबर घेत असे.

"त्यात काय हाय?"

"पाणी. घरचं."

"त्या खड्ड्यातल्या नळाचं?"

मी हो म्हटलं. त्यांनी तांब्या घेतला, फिरकी काढली आणि वरून धार न धरता तोंड लावून सगळं पाणी प्यायले. मग तोंड पुसून विचारलं, "गाळ येत न्हाई न्हवं?"

मला रडू आवरेना. मी माफी मागू लागले, तर म्हणाले, "तुमचं काय चुकलं, बाई? तुमाला तसेच लोक भेटले असतील. चुकलं असंल तर माझं. तीस वर्सं लोकायच्या दारात गेलो, पन जेवायला या म्हणून एकाचं बी बोलावणं आलं न्हाई. कसं येईल? मीच हात आडवा धरला."

ते स्टँडपर्यंत पोचवायला आले. गाडी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाले, "परत या. आता यायला तक्रार लागत न्हाई."

मी "येते" म्हणाले. कागद सोमवारी कार्यालयात दिला. नव्या माणसानं तो न वाचताच शिक्का मारला. मग सासूबाईंचं आजारपण निघालं, परीक्षा आल्या, पुढे आम्ही हिमायतनगरला गेलो. दीड वर्षानं शारदाबाईंचं पत्र आलं. अप्पा गेले होते, आणि ते शेजाऱ्यांना दोन दिवसांनी कळलं होतं.

ज्यांना कोणी कधी बोलावलं नाही, त्यांनी मला बोलावलं होतं. मी गेले नाही.