जायचंय, सोडत न्हाईत

आधीच सांगते – भूत, भानामती, अंगात येणं यातलं मी काही मानत नाही. आमच्या घरी अमावास्येला नारळ ओवाळून फोडतात, तो मी खोबऱ्यासाठी आणते. तरीही हे लिहितेय, कारण जे घडलं ते भरदुपारी आणि माझ्या नोकरीत घडलं.

मी धाराशिवला राहते. एक परदेशी शीतपेय कंपनी आपल्या भागातली साखर घेते. ज्या उसाची साखर, तो तोडणाऱ्या मजुरांचे हक्क सांभाळले गेले पाहिजेत, असा त्या कंपनीचा नियम – प्यायला पाणी, सावली, हातमोजे, आणि जबरदस्ती कुणावरही नाही. ते फडात जाऊन बघायचं काम माझं.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते. मुकादमाला माणसं किती विचारलं की तो कोयते सांगतो, बाई त्यात कुठेच दिसत नाही. म्हणून कंपनीची सक्त सूचना – प्रत्येक बाईशी वेगळं बोलायचं, मुकादमाला आणि नवऱ्याला ऐकू जाणार नाही असं.

गेल्या हंगामात बेंबळीच्या पुढे एका फडात गेले होते. टोळी बीडकडची. बायकांना एकेक करून बांधावर बोलवत होते. माझा शेवटचा प्रश्न ठरलेला असतो – काम सोडून घरी जायचं म्हटलं तर जाऊ देतात का? यावर बायका हसतात. त्या दिवशीही एक म्हणाली, “घरी काय ठिवलंय, ताई? तुमीच न्या की तुमच्या घरी. भांडी घासते.”

अगदी कडेच्या सरीला एक बाई राहिली होती, तिलाही बांधावर बोलावलं. साडीवर पुरुषी शर्ट, डोक्याला टॉवेल, जशा सगळ्या असतात तशीच. हिच्याही हातात मोजे नव्हते; बाकीच्यांनी ‘घालायचे इसरले’ सांगितलं होतं, म्हणून मी रागावले.

“येका कोयत्याला येकच जोड दिलाय. त्यांनी घातल्यात,” ती म्हणाली.

बाकीची उत्तरं नीट दिली. शेवटच्या प्रश्नाला मात्र हसली नाही.

“जायचंय. सोडत न्हाईत.”

“कोण सोडत नाही? मुकादम?”

तिनं ऊस तोडणाऱ्या नवऱ्याकडे बघितलं. “त्यास्नी सांगा तुमी.”

असं उत्तर आलं की बाईला त्याच दिवशी मोकळं करायचं असतं. मी तडक मुकादमाकडे गेले.

“अंकुशराव, त्या कडेच्या बाईला आजच्या आज घरी पोचवा.”

“कंच्या बाईला?”

“तो तिकडं तोडतोय ना, त्याची बायको.”

त्यांनी तंबाखू मळणं थांबवलं नाही. “म्हादूची? ती दिवाळीच्या आदी वारली, म्याडम. डोकं दुखतंय म्हनली अन् गेली. म्या सोता मातीला गेल्तो.”

मी मागं वळून बघितलं. सरीत म्हादू एकटा होता. त्याच्या मागं मोळ्या पडल्या होत्या, उसाच्या शेंड्याच्या हिरव्या वाढ्यानं आवळून बांधलेल्या, त्यानं तोडलं होतं तिथपर्यंत.

“मग मोळ्या कोण बांधतं?”

“त्योच बांधत आसल. माल पुऱ्या कोयत्याचा निघतोय, म्हणून ठिवलाय. अर्धा निघाला तर उद्या माघारी धाडीन. अर्ध्या कोयत्याला कोण इचारतंय?”

म्हणजे मी म्हादूला तिचा निरोप सांगितला आणि माल अर्ध्यावर आला, तर त्याचा हंगाम गेला. मी आधी अंकुशरावांना धरलं. एकटा आहे म्हणून माणूस काढायचा नाही, एकट्याला जमेल तेवढं काम द्यायचं, नाहीतर या टोळीचं मी आजच वर कळवते.

“कंपनीच्या नावावर लई दाब देता बाबा तुमी,” ते म्हणाले. पण टोळीतल्या सगळ्यांसमोर कबूल झाले.

मग म्हादूकडे गेले. बांधावर माझ्याशी कोण बोललं, मला माहीत नव्हतं. पण मागणी आली होती, आणि आलेली मागणी मी दाबून ठेवत नाही.

“तुमच्या बायकोला जायचंय,” मी म्हटलं. “सोडत नाहीत, असं म्हणाली.”

तो दचकला नाही. कोयता खाली ठेवला, मोजे काढले.

“म्याच उठल्यावर हाक मारतो. कांता, ऊठ, चल. सवयच हाय. हितं आल्यावर पयल्या दिवशी बी मारली अन् फडात मागं बगितलं, तर मोळी बांधल्याली. मंग रोज मारली.”

“आता मारू नका.”

“बरं.” तो वाकून एका मोळीची गाठ चाचपत म्हणाला, “तुमास्नी बोलली. मला इतक्या दिसात येक शबुद न्हाय.”

मी टोळीतल्या बायकांना विचारलं. त्या सरीला कुणी गेलं नव्हतं. कडेला बाई कुणी बघितलीही नव्हती, मला बांधावर एकटीच बसलेलं मात्र दोघींनी बघितलं होतं... ऊन लागलं म्हणावं तर हातमोज्यांचं खरं निघालं – कोयत्याला एकच जोड, आणि तोपर्यंत ते मला कुणीच सांगितलेलं नव्हतं.

पुढच्या फेरीला म्हादू तिथंच होता. माल निम्म्यावर आला होता. मोळ्या ढिल्या, भरताना सुटत होत्या, गडी चेष्टा करत होते. मी विचारलं, “हाक मारत नाही ना आता?”

“न्हाय,” तो म्हणाला. “उठल्यावर तोंडात येती. गिळतो.”