पुलापाशी उतरणारी

कारखान्याचं फाटक दिसलं की ती ओढणी कमरेला बांधायची, नमुन्याची बाटली काखेत धरायची आणि म्हणायची, "चहा मंग घेऊ." वाक्य संपेपर्यंत ती सांडपाण्याच्या नालीकडे निघालेली असे. इकडे मॅनेजर हात जोडून उभा, ट्रेमध्ये कप मांडलेले. कप उचलावा की हिच्या मागे पळावं, अशी माझी पंचाईत व्हायची. तुम्ही कधी सरकारी कचेरीत काम केलं असेल, तर ही पंचाईत तुम्हाला समजावून सांगायला नको.

आम्ही दोघं यवतमाळच्या पर्यावरण कार्यालयात पदवीधर प्रशिक्षणार्थी म्हणून एकाच दिवशी रुजू झालो. दर काही महिन्यांनी विभाग बदलायचा: आवक-जावक, मग तक्रारी, मग प्रयोगशाळा आणि शेवटी क्षेत्रपाहणी. प्रत्येक विभागाचे साहेब जाताना शेरा देणार, आणि सगळे शेरे बरे असले तरच नोकरी कायम. मी दारव्ह्याच्या मोटार मेकॅनिकचा पोरगा, म्हणून ती मला पहिल्या दिवसापासून 'मिस्तरी' म्हणायची. ती महागावकडच्या एका तांड्यावरची, तिथली पहिली पदवीधर मुलगी. माझी नोकरी गेली असती तर अब्बांनी हातात पाना दिला असता. तिची गेली असती तर धाकट्या बहिणीचं कॉलेज बंद. "पोरीले शिकवून काय भेटलं, असं म्हणायले लोकं टपूनच बसले हायेत," असं तिनं मला एकदा डबा खाताना सांगितलं आणि लोणच्याची फोड माझ्या डब्यात टाकली.

तिच्या आईचा फोन दुपारी यायचा. ती आईला याडी म्हणायची आणि बंजाऱ्यांच्या गोर बोलीत अशा खणखणीत आवाजात बोलायची, की अख्खं कार्यालय कामं थांबवून ऐके. एकदा मी विचारलं, "काय झालं गं?"

"काही नाही. जेवली का, विचारून राह्यली."

"तेवढ्यासाठी एवढं ओरडायचं?"

"तिले यवतमाळ लय दूर वाटते ना."

आवक-जावक विभागात आम्ही सगळे तक्रारीवर शिक्का मारून पुढे सरकवायचो. ही बाई प्रत्येक तक्रार वाचायची आणि मान वर करून विचारायची, "हे जाऊन पाह्यलं का कोणी?" तिथले जुने कारकून वैतागून गेले होते. पण शेरा त्यांनी चांगला दिला, बहुधा ती लवकर पुढच्या विभागात जावी म्हणून.

खरा प्रश्न क्षेत्रपाहणीत आला. तिथले साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. गुडघे दुखायचे, स्वभाव मऊ, आणि चहावर अपार श्रद्धा. "मॅडम," ते तिला म्हणाले, "चहा नाकारणं म्हणजे समोरच्याला दारातून परत पाठवणं. आपल्यात असं करत नाहीत."

"नाही कुठं म्हणते सर? मंग घेईन म्हणते."

गोम अशी होती की आम्ही आधी फोन करून वेळ घेऊन जायचो, आणि तो चहा लवकर संपत नसे. चहाआधी पोहे यायचे, पोह्यांबरोबर गप्पा यायच्या, आणि तेवढ्या वेळात मागे पाण्याची नळी सोडून नाली स्वच्छ धुतलेली असायची. त्यात कुणी कट करत होतं असंही नाही. पाहुणे येणार म्हणून अंगण झाडावं, तितक्या सहज ते व्हायचं, आणि आमचे नमुने चांगले यायचे.

दारव्ह्याकडच्या एका गावातून सोयाबीन तेलाच्या कारखान्याविरुद्ध तक्रारी येतच राहिल्या. नाल्याचं पाणी जनावरं पीत नाहीत, पायांना खाज सुटते. कार्यालय जाऊन आलं होतं, पाणी चांगलं निघालं होतं. आम्ही पुन्हा निघालो, तेव्हा कारखान्याच्या अलीकडे, त्याचं पाणी वाहत येतं त्या नाल्याच्या पुलापाशी ती ड्रायव्हरला म्हणाली, "काका, इथंच थांबा."

"फाटक पुढं आहे मॅडम," साहेब म्हणाले.

"पण नाला इथं हाये सर."

ती उतरली. मी साहेबांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि नमुने थंड ठेवायची बर्फाची पेटी घेऊन मीही उतरलो. ती गुडघाभर पाण्यात उभी राहिली. त्याच पाण्यानं बाटली विसळली, तोंड प्रवाहाकडे करून भरली. वास असा होता की मी रुमाल काढला. काठावर शेळ्या घेऊन उभी असलेली एक म्हातारी म्हणाली, "कायले भरून राह्यल्या बाई? आमी तं ढोरालेबी नाही पाजत."

"म्हणूनच भरून राह्यली, माय."

आम्ही चालत फाटकाशी पोचलो तेव्हा साहेबांचा दुसरा कप संपत आला होता. तिनं मॅनेजरकडून चहा मागून घेतला आणि चांगला झाला आहे असं सांगितलं.

तो नमुना खराब आला. कारखान्याला नोटीस गेली, आणि तिला शेरा मिळाला: चिकाटी आहे, वरिष्ठांचा मान राखत नाही, क्षेत्रपाहणी पुन्हा करावी. मी कायम झालो, ती राहिली. मला साहेबांचा संताप आला आणि त्याहून जास्त तिचा. म्हटलं, "दोन शब्द माफीचे बोलून टाक. शेरा बदलतील ते."

"माफी कायची? गाडीतून उतरल्याची? मंग पुढच्या बारीले उतरता येईन का मले?" ती म्हणाली. "पुन्हा करते ना, मिस्तरी. नाला उन्हाळ्यात कसा दिसते, तेबी पाहणं होईन."

त्या दुपारी ती याडीशी जिन्यात जाऊन बोलली, इतक्या हळू की कुणालाच काही ऐकू आलं नाही.

तिनं क्षेत्रपाहणी पुन्हा केली, त्याच साहेबांच्या हाताखाली. दर खेपेला पुलापाशी उतरली, दर खेपेला नंतर जाऊन साहेबांशेजारी बसून चहा प्यायली. कधी उलट बोलली नाही आणि कधी गाडीत बसून राहिली नाही. उन्हाळा संपता संपता एकदा गाडी पुलापाशी कुणी न सांगताच थांबली. साहेबांनी गुडघा धरत स्वतःचं दार उघडलं आणि म्हणाले, "बाटली द्या इकडं. झाकण तरी धरतो."

ती कायम झाली. मला वाटलं, आता इथंच राहील. पण नेमणूक आली पार कोकणात.

निरोपाच्या दिवशी साहेब शाल-नारळ घेऊन बसलेले, आणि हिचा पत्ता नाही. आली ती घोट्यापर्यंत चिखलात, हातात बर्फाची पेटी. सकाळीच निघून दारव्ह्याहून काळीपिवळी जीप धरून नाल्यावर जाऊन आली होती. "एवढा नमुना लावा," ती प्रयोगशाळेत सांगून आली. "नोटिशीनंतर सुधारले का, पाहू तं." मग शाल घेतली, साहेबांच्या पाया पडली, पेढा खाल्ला. मला म्हणाली, "येते, मिस्तरी," आणि महागावच्या एसटीत बसून गेली.

काही दिवसांनी निकाल आला. पाणी पुन्हा खराब होतं.

साहेबांनी कागद वाचला. कोपऱ्यातल्या तिच्या टेबलाकडे पाहिलं. तिथं आता जुन्या फायलींचे गठ्ठे ठेवले होते. मला तिची फार आठवण आली, आणि ती तिथं नाही याचा रागही आला.

"कारखान्याला फोन करून वेळ घ्यायची का?" साहेबांनी विचारलं. आवाजावरून कळत होतं, नको हेच उत्तर त्यांना हवं आहे.

"नको सर."

"गाडी दुरुस्तीला गेली आहे."

"एसटी आहे," मी म्हणालो आणि बर्फ आणायला निघालो.