नमुन्याचं औषध

आमच्या ह्यांचा पनवेलला दवाखाना होता. औषध ह्यांनी लिहायचं, मिक्श्चर कंपाउंडरने ढवळायचं आणि कंपनीवाल्याने फुकट दिलेले नमुने मी फडताळात लावायचे, अशी आमची वाटणी. फडताळाची किल्ली माझ्या कमरेला असे. एरवी त्या घरात माझं काडीइतकं चालत नव्हतं, त्यामुळे किल्लीचा तोरा भलताच होता.

कंपनीवाला महिन्यातून एकदा एसटीने मुंबईहून यायचा. भर मे महिन्यातसुद्धा गळ्यात टाय. बाहेर बाकावर माणसं रिकाम्या बाटल्या घेऊन ताटकळत बसलेली असायची आणि हा सरळ आत. पोहे खाता खाता तो ह्यांना टीपकागद द्यायचा, कॅलेंडर द्यायचा आणि पनवेलीत डॉक्टर म्हणजे तुम्हीच, असं सांगायचा. हे लगेच फुलायचे. मग पुढचा महिनाभर ज्याला त्याला त्याच कंपनीची गोळी. हीच गोळी दुसऱ्या कंपनीची निम्म्या किमतीत मिळते, मग ही कशाला, असं मी एकदा विचारलं. फरक असतो, एवढंच हे म्हणाले. मला दिसणारा फरक इतकाच, की दुसरी कंपनी कॅलेंडर देत नव्हती.

एका वर्षी पावसाळा सरता सरता टायफॉइडची साथ आली. उलव्याकडच्या मिठागरावर काम करणारा एकजण तापाने फणफणला होता. हे त्याला तपासून आले आणि त्याची बायको चिठ्ठी न्यायला मागोमाग दवाखान्यात आली. ह्यांनी नव्या कॅप्सुली लिहिल्या. दिवसाला चार, बारा दिवस. बाजारात बारा कॅप्सुलींची एक कुपी मिळे, म्हणजे चार कुप्या. औषध उत्तम, पण किंमत ऐकूनच ताप यावा.

आणि नेमक्या तसल्या चार कुप्या माझ्या फडताळात होत्या. मला आठवल्या नाहीत असं नाही. चिठ्ठी लिहिली जात होती तेव्हा मी दारातच उभी होते. पण माझा धाकटा सहा वर्षांचा, गावात साथ, घरात असलेल्या बऱ्या, म्हणून मी तोंडातून चकार शब्द काढला नाही. ह्यांना तर फडताळात काय आहे हे कधीच ठाऊक नसे.

पाच दिवसांनी बाई परत आली. नवऱ्याचा ताप तसाच होता. तिच्या हातात आमचीच मिक्श्चरची बाटली होती, कातरलेली कागदी पट्टी चिकटवलेली. पट्टीची एक खूण म्हणजे एक डोस, हे साऱ्या तालुक्याला पाठ. पितळी हंडा आणि कोंबड्या विकून तिने एकच कुपी घेतली होती. कॅप्सूल तिने जन्मात पाहिली नव्हती. शेंगेसारखं टरफल टाकायचं आणि आतलं घ्यायचं, अशी समजूत करून तिने बाराच्या बारा फोडून बाटलीत कालवल्या आणि खुणेखुणेने पाजल्या. बाटली खाली गेली की वर पाणी. डॉक्टरांनी बारा दिवस सांगितलेत, तर बारा दिवस पुरायला नकोत?

हे तिच्यावर डाफरले. मला आधी हसू फुटलं, पण तिचा चेहरा पाहिला आणि ते विरलं. तिने ह्यांना सोडून मला विचारलं, "पोरांचा बापूस वाचंल ना, बाय?"

तेवढ्यात कंपनीवाला दारात उभा. मला राग काढायला आयतंच माणूस मिळालं. पोह्यांचं नावसुद्धा न काढता मी त्याला धारेवर धरलं. तुमच्या औषधाला काय सोन्याचा वर्ख लावता का, गोरगरिबांच्या जिवावर टाय बांधून मिरवता, असं तोंडाला येईल ते बोलले आणि बॅगेतल्या असतील तेवढ्या कॅप्सुली हिला द्या म्हणाले. बॅगेत एकही नाही, असं त्याने सांगितलं. मग टायची गाठ जरा सैल केली.

"खरं सांगू, वहिनी? ज्याला विकत घेणं जमणार नाही, त्याच्यासाठी कंपनी नमुने देतच नाही. डॉक्टरांनी लिहावं म्हणून देते. पण मागच्या खेपेला चार कुप्या मी तुमच्याच हातात दिल्यात. त्या आता तुमच्या. कुणालाही द्या."

हे माझ्याकडे बघू लागले. मी आत गेले, फडताळ उघडलं. कुप्या पुढ्यातच होत्या, तरी शोधल्यासारखं दाखवायला चार बरण्या खडखडवल्या. त्या दिवशी कंपनीवाल्याला दोनदा पोहे मिळाले. कॅप्सूल कशी गिळायची ते त्याने बाईला अख्खा शेंगदाणा पाण्याबरोबर गिळून दाखवलं. दाणा अडकून त्याला ठसका लागला, तेव्हा कुठे ती हसली.

तीनेक आठवड्यांनी नवरा-बायको दोघं आली. तो काटकुळा झाला होता, पण स्वतःच्या पायांनी चालत आला होता. तिने सुकटीची पुरचुंडी माझ्या हातात दिली. तक्रार नव्हती तिच्या आवाजात, सहज विचारावं तसं विचारलं.

"बाय, घरात व्हती, तं पयल्याच दिशी का नाय दिलीस?"

विसरले, असं मी म्हणाले. तिला ते लगेच पटलं. मला फार लाज वाटली. कंपनीवाला निदान खरं बोलला होता.