पंचवीस मीटर वायर आणि सासूबाईंचं बोचकं

जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनच्या मोटारींच्या कारखान्यात कोणता सुटा भाग कोणत्या मिनिटाला कुठे पोहोचला पाहिजे, हे ठरवण्याचा मला पगार मिळतो. त्यामुळे चार माणसांना तीन दिवसांसाठी जंगलातल्या लाकडी झोपडीत नेणं हे माझ्या दृष्टीने काम नव्हतंच, विरंगुळा होता.

विषय निघाला सासूबाईंमुळे. त्या तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. अकोले तालुक्यातल्या एका उपकेंद्रात त्यांनी तीस वर्षं नर्सची नोकरी केली होती, लसींचा डबा खांद्याला लावून डोंगरातल्या वाड्या पालथ्या घातल्या होत्या. एकदा त्यांचं बहिणीशी फोनवरचं बोलणं माझ्या कानावर पडलं. "जावई गुणी आहेत गं, पण घरातलं सगळं आमची अनुजाच बघते. हे नुसते कॉम्प्युटर बघतात."

मला झोंबलं! (खरं असलेलं जरा जास्तच झोंबतं.) परतीच्या विमानाला दहा दिवस उरले होते आणि तेवढ्यात मला त्यांचं मत बदलायचं होतं.

मी अनुजाला बजावलं, "या सहलीत तू काहीही करायचं नाहीस. सगळं मी करणार."

"सगळं?" माझी बायको एवढी आनंदी लग्नातही दिसली नव्हती.

श्वेबिश आल्ब या डोंगररांगेतल्या जंगलात एका गिर्यारोहण मंडळाची झोपडी मिळाली. चार पानी जर्मन पत्र आलं. सही चौथ्या पानावर करायची होती, म्हणून मी पहिलं आणि चौथं पान वाचलं. मधली दोन पानं नियमांची असणार, आणि जर्मनीत नियम पाळायचे असतात, वाचायचे नसतात!

रविवारी टीव्हीला लॅपटॉप जोडून मी घरच्यांपुढे बावीस स्लाइड्सचं प्रेझेंटेशन केलं. तिसऱ्या स्लाइडवर पत्रातला झोपडीचा फोटो. नवव्या स्लाइडवर विजेचा हिशेब: इंडक्शनची शेगडी, किटली आणि हीटर एकदम लावले तरी फ्यूज उडणार नाही, याची सप्रमाण सिद्धता.

सासूबाईंनी वर्गातल्यासारखा हात वर केला. "जावईबापू, एक विचारू का?"

"आई, प्रश्न शेवटी!"

शेवटी ऑफिसचा फोन आला.

निघायच्या आदल्या दिवशी मी विमानाच्या बॅगा मोजायचा काटा काढला आणि एकेक डाग लटकवून मोजू लागलो. (तो काटा नाही असं मराठी घर जर्मनीत अजून सापडलेलं नाही.) यादीत नसलेलं एक बोचकं हाताला लागलं.

"अहो आई, हे काय?"

"असू द्या थोडं सोबत. चादरी, मेणबत्त्या, काड्यापेट्या, खिचडीपुरते डाळ-तांदूळ, एक पातेलं."

"आई, आपण युरोपात आहोत!"

"हो का? बरं."

त्यांच्या 'बरं'ला घाबरायचं असतं, हे अनुजाला लहानपणापासून माहीत होतं. तिने मला सांगितलं नाही. तिने काहीही करायचं नव्हतं ना!

दुपारी चारला आम्ही पोहोचलो. ऑक्टोबरचा पाऊस, धुकं आणि हाडात शिरणारी थंडी. मी पंचवीस मीटर वायरचं रीळ काखेत मारून आत शिरलो आणि प्लग शोधू लागलो. भिंती पाहिल्या, पलंगांखाली सरपटलो, संडासातसुद्धा जाऊन आलो.

"अनुजा, प्लग कुठे आहे गं?"

"कितव्या स्लाइडवर आहे?"

"पापा, मिअर इस्ट काल्ट!" आमची सहा वर्षांची ईरा कुडकुडत म्हणाली. थंडी जर्मनमध्ये सांगितली की जास्त बोचते.

एवढ्यात झोपडीची देखभाल करणारे आजोबा सरपणाच्या कोठीची किल्ली द्यायला आले. मी रीळ पुढे करून विचारलं, वीज कुठे आहे? त्यांनी रिळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"खालच्या गावात," ते म्हणाले. "सात किलोमीटर. पान तिसरं."

उरली झोपडीतली लाकडांवरची लोखंडी शेगडी. ज्वलनाचं शास्त्र मी पदवीला शिकलोय, चांगल्या मार्कांनी. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून मी धुराड्याची झडप घट्ट लावली, शेगडीत जाडजूड ओंडके रचले आणि आजोबांची अख्खी काड्यापेटी संपवली. आग लागली नाही, पण धूर असा झाला की पाच मिनिटांत आम्ही सगळे पावसात उभे राहून खोकत होतो. आजोबाही!

शेवटी निदान पुठ्ठा तरी पेटेल म्हणून मी गाडीतून हीटरचा खोका आणला आणि फाडला. आत बोचकं होतं.

"आई! हीटर कुठे आहे?"

"घरी. तुमच्या पलंगाखाली."

त्यांनी पदर खोचला. पहिल्यांदा झडप उघडली. माझे ओंडके बाहेर काढले, कोठीतल्या ढिगाच्या आतल्या बाजूच्या सुक्या ढलप्या निवडून आणल्या, त्या उभ्या-आडव्या रचल्या आणि काडी ओढली. एक काडी. पंधरा मिनिटांत चहा झाला, तासाभरात खिचडी, आणि ईरा मोजे काढून शेगडीपाशी लोळत होती. आजोबांनी तीनदा खिचडी घेतली आणि शेगडीकडे बघून एवढंच म्हणाले, "आल्झो... तर मग, असंच पेटवायचं असतं." श्वाबी, म्हणजे या मुलखातल्या, माणसाने नावं ठेवली नाहीत की ते कौतुक समजायचं. (पुणेकरांना हे समजावून सांगावं लागत नाही.)

मला राहवेना. "आई, वीज नाही हे तुम्हाला कळलं कसं?"

"तुमच्याच फोटोत. छपरावर धुराडं होतं, पण जवळपास खांब नाही, तार नाही. वाडीवर लस न्यायची तर आम्ही आधी खांब बघायचो. खांब नसला की बर्फाच्या पिशव्या जास्तीच्या."

"मग सांगितलं का नाही?"

"हात वर केला होता की! तुम्ही म्हणालात, प्रश्न शेवटी. मी शेवटाची वाट बघत होते."

खरं सांगतो, त्या क्षणी मला लाज वाटायला हवी होती, पण वाटला तो अभिमान. जे मला चार पानांच्या पत्रात दिसलं नाही, ते या बाईंना एका फोटोत दिसलं होतं. आणि तेही न दिसलेल्या तारेत! मी मुकाट्याने पातेलं घासायला घेतलं.

निघताना आजोबांनी झोपडीच्या नोंदवहीतल्या 'गटप्रमुख' या रकान्यातलं माझं नाव खोडलं आणि पेन सासूबाईंपुढे धरलं. त्यांनी मराठीत सही केली.

पुढच्या वर्षी मंडळाचं पत्र आलं, आमच्या पत्त्यावर पण सासूबाईंच्या नावाने. झोपडी त्यांच्यासाठी राखून ठेवली होती. या वेळी मी चारही पानं वाचली. तिसऱ्या पानाच्या तळाशी कोणीतरी पेनने लिहिलं होतं: 'वायरवाल्या गृहस्थांनाही आणायला हरकत नाही. फक्त त्यांना शेगडीला हात लावू देऊ नये.'