स्वतःशीच न जुळलेला प्रोग्राम

बाळांनो, तुमच्या आजीचा भुताखेतांवर विश्वास नाही. कधीच नव्हता. तेव्हा हे वाचून "आजीचं आता वय झालं..." असं फोनवर कुजबुजू नका.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी रत्नागिरीबाहेरच्या एका आंबा कॅनिंगच्या कारखान्यात कॉम्प्युटरचं काम बघायचे. रस भरलेल्या डब्यांना वाफ किती वेळ द्यायची, ते एक प्रोग्राम सांगायचा. वेळ कमी पडली तर डबा फुगतो आणि खाणारा आजारी पडतो. हा प्रोग्राम पुण्याहून सारखा सुधारून यायचा. म्हणून मी त्याच्यावर नजर ठेवणारा दुसरा प्रोग्राम लिहिला होता — जुनी आणि नवी आवृत्ती एकाच नमुन्यांवर चालवायची, प्रत्येक आवृत्ती आत कुठल्या वाटेने गेली, म्हणजे मोठ्या डब्याचा हिशेब धरला की छोट्याचा, ते टिपायचं, आणि वाटा जिथे वेगळ्या झाल्या तेवढीच ओळ छापायची.

माझी एक शिस्त होती. हंगामाआधी चालू आवृत्तीची तुलना तिच्याच दुसऱ्या प्रतीशी करायची; त्या वर्षी चौथीची चौथीशी. वजन करण्याआधी रिकाम्या तराजूचा काटा बघतात ना, तसं. कागद कोराच यायला हवा.

त्या दुपारी तो कोरा आला नाही. एक ओळ छापली होती — मोठा डबा दिल्यावर दुसरी प्रत छोट्या डब्याच्या वाटेने गेली. म्हणजे वाफ कमी. दोन्ही प्रती अक्षरन् अक्षर ताडून पाहिल्या. एकच! पुन्हा चालवलं... कोरा.

मॅनेजर सानेसाहेब हसले. "बाई, तुमचा प्रोग्राम आता स्वतःशीच भांडायला लागला?"

मी तो कागद भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला.

पुढच्या आठवड्यात पाचवी आवृत्ती आली. चौथीशी तुलना केली. तीच ओळ. तोच मोठा डबा, तीच चुकीची वाट.

खाली मोठे डबे भरून तयार होते. बॉयलर सांभाळणारे सलीमभाई दारात येऊन उभे राहिले. "सोडू काय वाफ, मॅडम?"

"नको."

"सोडा हो!" साहेब कडाडले. "गेल्या आठवड्यात बाईंचा प्रोग्राम खोटं बोलला, आज खरं कशावरून बोलतोय? आंबा कुणासाठी थांबत नाही!"

"मग आधी मला कामावरून काढा, आणि नंतर सोडा."

सलीमभाई जागचे हलले नाहीत. "मॅडम नको बोलल्या, मी नाय सोडत."

साहेबांनी रागारागाने पुण्याला ट्रंक कॉल लावला. तिकडचे इंजिनियर चाचरले. मोठ्या डब्याची अट त्यांनी परवा संध्याकाळीच बदलली होती, आणि बदलताना चुकली होती. परवा! माझा कागद तर आठवडाभर खिळ्याला लटकत होता.

साहेब म्हणाले, पुण्यात बाईंचं कोणीतरी ओळखीचं असणार. सलीमभाई म्हणाले, "वरून इशारा आला." सासूबाईंनी दृष्ट काढायला मीठ-मिरच्या घेतल्या — मी त्या परत डब्यात ठेवायला लावल्या. तुमचा बाबा अजून म्हणतो, फ्लॉपी खराब असेल. अरे, खराब फ्लॉपी काहीतरी अर्धवट छापेल. अजून कुणी केलेलीच नाही ती चूक कशी छापेल?

भूत मी मानत नाही. माझा प्रोग्राम चुकला, हेही मानत नाही. मग ते काय होतं? माहीत नाही... आजही नाही. पण ती दुपार पुन्हा आली, तरी सलीमभाईंना मी "नको"च म्हणेन.