दादाच्या नावाला बाबा उठले नाहीत

आमच्या गावात क्रिकेटची टीम ठरवायची एक रीत आहे. गावदेवीच्या देवळाच्या ओट्यावर बसायचं, एकेक नाव काढायचं, आणि ज्याच्या घरातल्या पोराचं नाव निघेल त्या घरच्या माणसानं उठून जायचं. लांब नाही, समोरच्या बोअरिंगच्या नळापर्यंत. तिथं पाठ करून उभं राहायचं. पाणी प्या, मोबाइल बघा, काय वाटेल ते करा, पण वळायचं नाही. मग ओट्यावरचे लोक मोकळं बोलतात. ‘याला शॉर्ट बॉल दिसतच नाय.’ ‘त्याचं लग्न झाल्यापास्नं त्याला पळता येत नाय.’ बोलून झालं की कुणीतरी हाक मारतं, ‘या हो’, आणि माणूस परत येऊन बसतो. काय ठरलं ते त्याला सगळ्यांच्या तोंडाकडं बघून कळतं. विचारायचं नसतं. ही रीत कुणी घातली ते माहीत नाही, पण टीमवरून आजूबाजूच्या गावांत डोकी फुटली, आमच्या गावात फुटली नाहीत.

मी आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. बी.कॉम. लग्नाच्या पत्रिकेत नावापुढं ते छापून घेतलं होतं आणि त्याची मला लाज वाटत नाही. आता मानकोलीला एका गोदामाच्या ऑफिसात बिलिंगला आहे. ओट्यावर मात्र बी.कॉम.ला कुणी विचारत नाही. तिथं माझे बाबा काय म्हणतात ते विचारलं जायचं.

बाबांनी सगळं आयुष्य भिवंडीत पॉवरलूमवर, कापडाच्या मागावर काढलं. लूमवर राहिलेल्या माणसाचे कान जातात आणि आवाज वाढतो. बाबांना हळू बोलता येतच नाही. आईला चहा मागितला तरी गल्लीला कळतं. पण बॉलिंगमधलं त्यांना समजायचं, आणि समजलेलं ते कुणाच्या तोंडाकडं न बघता सांगायचे. कोणता पोऱ्या तीन ओव्हर टिकेल, कोण पहिला सिक्स बसला की घाबरून फुलटॉस टाकेल. कप्तानसुद्धा त्यांच्या बाजूला येऊन बसायचा.

आणि दादा आमचा गावचा बॉलर होता. टेनिस बॉलनं ओव्हरआर्म टाकायचा. हलका बॉल तो, वाऱ्यावर जातो, पण दादाचा जायचा नाही. तो शेवटची ओव्हर टाकायला आला की आमच्या बाजूचे लोक खुर्च्या गोळा करायला लागायचे, मॅच जिंकलीच म्हणून. मॅच मोबाइलवर लाइव्ह दाखवतात, त्यातला कॉमेंट्रीवाला त्याला ‘भिवंडी एक्स्प्रेस’ म्हणायचा. दादा घरी येऊन चिडायचा, ‘दुसरं नावच सुचत नाय ह्यांना.’ पण मॅचचा तो तुकडा मोबाइलवर परत परत लावायचा.

बाकीचे दिवस तो वडप्याच्या गोदामात लोडिंगला असतो. तो बारावीत असताना तिथं लागला, तेव्हा मी आठवीत होतो. त्याची बारावी राहिली, माझी झाली. खोकी उतरवायची, गोण्या चढवायच्या, सगळं उजव्या खांद्यावर. गेल्या दोन सीझनपासून तो खांदा गेलाय. बाबांना ते आधी दिसलं. बाउंड्रीवरून दादा बॉल खालून फेकायला लागला होता. लोकांना वाटलं स्टाइल आहे. बाबा मला ओरडून म्हणाले, म्हणजे त्यांच्या मते हळू म्हणाले, “हात वर जात नाय त्याचा.”

गेल्या दिवाळीनंतर नव्या सीझनची बैठक बसली. संध्याकाळ होती, देवळात दिवा लागला होता. सुरुवात नव्या पोऱ्यापासून झाली. मागच्या आळीतला, कॉलेजात जाणारा, उंच. त्याचा काका उठून नळावर गेला.

“स्पीड हाय त्याला,” कप्तान म्हणाला.

“स्पीड हाय, पण जातो कुठं?” किराणा दुकानवाले काका म्हणाले. हे आमचे दुसरे पंडित. “परवा नेटला टाकला तो माझ्या दुकानाच्या पत्र्यावर आला. मी घाबरून शटर ओढलं.”

“तुमचं शटर गिऱ्हाईक बघून पण ओढता तुम्ही,” कप्तान म्हणाला.

हसले सगळे. बाबा म्हणाले, “घ्या त्याला. वाइड टाकतो ते पोटातनं घाबरतो म्हनून. चार मॅच हरवल, मग जिंकवल. पन चार मॅच शिव्या नाय घालायच्या, कबूल असल तर घ्या.” कबूल, म्हणाले सगळे. काकाला हाक मारली. त्यानं तोंडं बघितली आणि खूश होऊन बसला.

मग कप्ताननं खरी गोष्ट काढली. हायवेच्या पलीकडच्या गावाचा निरोप आला होता. टुर्नामेंटला दोन बाहेरचे खेळाडू चालतात. त्यांना दादा हवा होता, सीझनभर. बदल्यात ते त्यांचा डावरा बॅट्समन देणार होते. तो डावरा आमच्या गावाचं तीन वर्षांचं स्वप्न होतं.

मला हे आधीच माहीत होतं. दादानंच सांगितलं होतं. त्या गावच्या टीमचा स्पॉन्सर गोदामवाला आहे, आणि त्याच्याकडून जे खेळतात त्यांना तो आपल्या गोदामात सुपरवायझर करतो. दादा मला गाडीवर मागं बसवून सांगत होता, “खुर्ची मिळल रे. माल दुसरे उचलतील, मी मोजायचा. खांद्याला आराम पडला की एखाद्या वर्षात बॉलिंग पण परत येईल.” पुढं बघून बोलत होता, तरी तो हसतोय ते मला कळत होतं. आईला पण त्यानं सांगितलं होतं. बाबांना सांगितलं नव्हतं.

दादाचं नाव निघालं तसा मी उठलो. नळाकडं निघालो. चार पावलांवर लक्षात आलं की बाबा मागून येत नाहीत. वळायचं नसतं, पण मी वळलो आणि तिथंच उभा राहिलो. बाबा जागेवर मांडी घालून बसले होते.

“जरा जाऊन या ना नळावर,” दुकानवाले काका म्हणाले. “तुमच्या घरचा विषय हाय.”

“आज बसतो,” बाबा म्हणाले.

लोक एकमेकांकडं बघायला लागले. असं कधी झालं नव्हतं. मग काकांनीच सांभाळून घेतलं. त्यांना वाटलं, बाबा पोराच्या बाजूनं बोलायला बसलेत. “बरं, बसा. तुमच्या फायद्याचंच हाय. खांद्याचं आपल्या गावाला माहीत, त्यांना कुठं माहीत हाय? एक सीझन तो कसा पन खेचल. आपल्याला डावरा येतो, पोऱ्याला खुर्ची येते. अजून काय पायजे?”

“त्यांना सांगा,” बाबा म्हणाले. त्यांच्या त्या आवाजात. “खांदा गेलाय त्याचा. गावानं झाकून द्यायचा नाय. सांगा, आनि मग नेतात तर नेऊ दे.”

“अहो, मग कोन नेईल?”

“नाय नेनार.”

“तुमचाच पोऱ्या हाय ना तो?” काका चिडलेच. “का शेजाऱ्याचा?”

“माझाच हाय. आनि आपल्या टीममधनं पन काढा त्याला. तुम्ही माझ्या तोंडाकडं बघून ठेवाल. तो टाकल, आनि एक दिवस हात मोडून घरी येईल.”

आमचं घर ओट्याच्या समोर, गल्ली ओलांडली की. दादा पहिली शिफ्ट करून आला होता, दारात बसला होता. तो उठून उभा राहिला. ओट्यावरच्या सगळ्यांना तो दिसला, बाबांची घराकडं पाठ होती, त्यांना दिसला नाही. कप्ताननं बाबांच्या गुडघ्याला हात लावला, थांबा म्हणून. बाबांना समजलं नाही. ते आणखी बोलत राहिले, की दोन वर्षं झाली हात वर जात नाही, की मागच्या सीझनला जे शेवटचे दोन बॉल टाकले ते नुसत्या जिद्दीवर टाकले. दादा आत गेला. दार लावलं नाही. लावलं असतं तर बरं झालं असतं, कारण बाबांचं बाकीचं बोलणं सगळं आत जात होतं.

कप्ताननं पलीकडच्या गावाला खरं सांगितलं आणि आमच्या टीममधूनही दादाचं नाव काढलं. बाबांचा शब्द ओट्यावर मोडत नाहीत. बोलणं तिथंच संपलं. त्यांनी कल्याणकडचा कुणी बॉलर आणला, आणि ती खुर्ची आता त्याच्याकडं आहे. डावरा आम्हाला आला नाही. दादा डाव्या खांद्यावर गोण्या घ्यायला शिकला.

त्या दिवसापासून तो बाबांशी बोलत नाही. भांडण नाही, आवाज नाही. बाबांनी विचारलं, शिफ्ट कुठली, तर तो आईकडं बघून सांगतो. मी एकदा विषय काढला. दादा म्हणाला, “त्यांनी काय खोटं बोलायचं नव्हतं रे. उठून नळावर जायचं होतं फक्त. सगळे जातात.”

बाबांनाही विचारलं. माळ्यावर गवत लावत होते. म्हणाले, “तुझी आत्या त्या गावात दिलीय. उद्या तिच्या दारात लोक बोलले असते, तुझ्या भावानं कापडाचा डॅमेज तागा भोक आत घडी घालून पाठवला.” मग उरलेलं गवत लावून टाकलं. खाली उतरल्यावर म्हणाले, “पहिल्याच मॅचला त्यांना कळलं असतं. मग त्या खुर्चीवरनं कसा उठवला असता त्याला? चारचौघांत.”

मला दोघांचं पटतं. शिकलेल्या माणसाला दोन्ही बाजू मांडता येतात, घरात त्याचा कुणाला उपयोग झाला नाही. मी माझ्या ऑफिसात दादासाठी शब्द टाकला होता. टेबलावरचं काहीही द्या म्हटलं. त्यांनी पहिलं विचारलं ते हेच, ग्रॅज्युएशन झालंय का.

यंदा आमची टीम फायनलला गेली. किती वर्षांनी ते ओट्यावर विचारा. मॅच रविवारी दुपारची, सगळं गाव टेम्पो करून गेलं. बाबा गेले नाहीत, गुडघे दुखतात म्हणाले. दादाही गेला नाही, झोपतो म्हणाला. म्हणून मीही थांबलो. बाबा पडवीत मोबाइल पेल्याला टेकवून बसले, आवाज फुल करून. मी उंबऱ्यावर बसलो. थोड्या वेळानं आतल्या खोलीतून तोच कॉमेंट्रीवाला ऐकू आला, बारीक आवाजात. दादा झोपला नव्हता.

दोघांची नेटवर्कं वेगळी. आतला मोबाइल पुढं होता, बाबांचा मागं. आत कॉमेंट्रीवाला ‘आउट’ ओरडायचा आणि पडवीत तोच बॉलर अजून धावत येत असायचा. बाबांना आतलं ऐकू येत नव्हतं. मला दोन्ही येत होतं. पूर्वी हे दोघं एका मोबाइलवर डोकं लावून बघायचे आणि प्रत्येक बॉलला भांडायचे.

शेवटची ओव्हर त्या नव्या पोऱ्याला दिली. दादाची ओव्हर. शेवटच्या बॉलला समोरच्यांना चार हवे होते. पडवीत पोऱ्या बॉल पुसत होता. बाबा पुढं वाकले, “पायात टाक. पायात. घाबरू नको.”

आत आरडाओरडा झाला, आमच्या लोकांचा नव्हता. मग दादाचा मोबाइल बंद झाला. पलंग वाजला, तो कुशीवर वळला असणार.

बाबांचा पोऱ्या अजून रन-अपला परत चालला होता. “टाकल हा,” बाबा मला म्हणाले, “बघ तू. चांगला टाकल.” मी त्यांच्या मोबाइलकडं बघितलं. पोऱ्या वळला, आणि धावायला लागला.